दक्षाचा जावई

आजी चंद्राची गोष्ट सांगायची ती शेजारच्या वाड्यातलं भांडण सांगावं तशी. दक्ष प्रजापतीला मुलीच मुली. त्यातल्या सत्तावीस त्यानं एकाच जावयाला दिल्या. ‘एका घरात दोघी बहिणी देऊ नयेत म्हणतात, आणि ह्यानं सत्तावीस!’ एवढं म्हणून ती अडकित्त्यात सुपारी धरायची. कातरून होईपर्यंत आम्ही गप्प. मग अश्विनी, भरणी, कृत्तिका अशी नावं बोटांच्या पेरांवर. चौथी रोहिणी. तिथं अंगठा थांबायचा. चंद्राचा सगळा जीव तिच्यावर. बाकीच्या सव्वीसजणी रडत माहेरी गेल्या, सासरा भडकला आणि म्हणाला, जा, तुला क्षय लागेल.

आमचं गाव कृष्णाकाठचं, मिरजेजवळचं. माळवदावर अंथरुणं पडली की आजी रोहिणी दाखवायची. तांबूस, ठसठशीत. चंद्राला आभाळाची फेरी पुरी करायला २७ दिवस आणि वर काही तास लागतात, म्हणून रोज एकीकडे मुक्काम, हा हिशेब मला पुढं शाळेत कळला. काही वर्षी तर तो रोहिणीच्या अंगावरूनच जातो, तिला झाकूनही टाकतो. ‘बघ, गेला तिच्याकडंच,’ आजी म्हणायची. पण रागानं नव्हे हं.

आणि असल्या ह्या जावयासाठी ती दर संकष्टीला उपाशी बसायची. दुपारी भाजक्या शेंगा आणि गूळ, बास. पौर्णिमेनंतर चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळं वद्य चतुर्थीला नऊ-साडेनऊ ठरलेलेच. चुलीवर वरणभात निवत चाललेला, तळणीचे मोदक परातीत झाकलेले, आणि आम्हा पोरांना दर घटकेला माळवदावर पिटाळलेलं. ‘आला का रं?’ खालून हाक. ‘न्हाई अजून!’ १९७३ साली ‘कालनिर्णय’ निघालं आणि थोड्याच दिवसांत आमच्या सोप्यातही लटकलं. त्यात चंद्रोदयाची वेळच छापलेली. आमची हेरगिरी तिथंच संपली. पावसाळ्यात ढग असले की आजी घड्याळ बघायची आणि ढगालाच अर्घ्य द्यायची. तिला त्यात काही वावगं वाटत नसे.

मी एकदा विचारलं होतं, की हाच ना तो, गणपती उंदरावरून पडला तेव्हा फिदीफिदी हसणारा? गणपतीनं त्याला शाप दिला, म्हणून भाद्रपदातल्या चतुर्थीला त्याचं तोंड बघत नाहीत. कृष्णानं बघितलं तर त्याच्यावर स्यमंतक मण्याच्या चोरीचा आळ आला. मग गणपतीच्याच उपासात ह्याला अर्घ्य कशाला? आजी म्हणाली, ‘घरातला कज्जा असाच मिटवायचा असतो. दोघांनाही जेवायला बोलवायचं.’

एक गोष्ट मात्र तिनं आम्हाला कधी नीट सांगितली नाही. ‘गुरूच्या घरात त्यानं आगळीक केली,’ एवढंच. पुराणाची पोथी हाती आली तेव्हा कळलं, की त्यानं बृहस्पतीची बायको तारा पळवली, तिच्यापायी देव-दानवांत युद्ध पेटलं, शुक्राचार्य चंद्राच्या बाजूनं उभे राहिले आणि शेवटी ब्रह्मदेवाला मध्ये पडावं लागलं. तारा परत आली ती गरोदर. मुलगा कुणाचा, हे तिनं लाजत सांगितलं, आणि त्या बुधापासून चंद्रवंश सुरू झाला. कौरव-पांडव त्यातले, कृष्णाचे यादवही त्यातलेच. आपले देवगिरीचे यादव स्वतःला त्याच कुळातले म्हणवत. म्हणजे अख्खं महाभारत ह्या एका माणसाच्या घरातलं भांडण! आजीला हे ठाऊक असणारच. मला वाटतं, तिला तो आमच्या मनातून उतरायला नको होता.

त्याचं कारण मला आत्यानं सांगितलं. वडिलांची हकिकत थोडी वेगळी होती. आजीचा थोरला भाऊ मुंबईला गिरणीत होता. खोकत गावी आला. वान्लेसवाडीच्या सॅनिटोरियममध्ये त्याला ठेवलं होतं, असं आत्या म्हणायची. नुसता दाखवून आणला, असं वडील. १९२० साली निघालेलं ते सॅनिटोरियम. तेव्हा क्षयावर उपचार म्हणजे मोकळी हवा, दूध आणि पडून राहणं. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं, ते आमच्याकडच्या माणसांपर्यंत पोचायच्या आधीच तो गेला. त्याचा ताट-तांब्या वेगळा होता, तो पुढं कुणी वापरला नाही.

दुसरा भाऊ नव्हता. म्हणून भाऊबीजेला आजी चंद्राला ओवाळायची. हे काम घाईचं असतं. बीजेची कोर पश्चिमेला खाली असते, आणि दिवस मावळला की थोड्याच वेळात तीही मावळते. आजी ताट घेऊन परड्यात लगबगीनं जायची, लिंबाच्या झाडाआड कोर गेली तर पोरांवर ओरडायची. भाऊही रोगी आणि हाही. पण ह्याला उतार पडला होता. शाप पुरता सुटत नाही, तर पंधरवडा खंगायचं आणि पंधरवडा भरून यायचं, एवढ्यावर भागलं. प्रभासक्षेत्री न्हाऊन तो बरा झाला, ही कथा महाभारताच्या शल्यपर्वात आहे. सोमनाथ ते तेच.

पुढं भजनी मंडळाबरोबर ती सोमनाथला जाऊन आली. निघताना आजोबांनी तिला इतिहास ऐकवला. अहिल्याबाईंनी तिथं बांधलेलं देऊळ, १९४७ च्या नोव्हेंबरात सरदार पटेलांबरोबर तिथं गेलेले पुण्याचे काकासाहेब गाडगीळ, आणि ११ मे १९५१ ला राजेंद्रबाबूंच्या हातून झालेली प्रतिष्ठापना. हे सगळं बघून ये म्हणाले. आल्यावर त्यांनी विचारलं, काय काय बघितलंस? आजी म्हणाली, देऊळ मोठं आहे. संगमावर दोन बुचकळ्या मारल्या, एक माझी आणि एक दादाची. पाणी खारट. आणि त्या लोकांच्या डाळीत गूळ इतका, की मी रोज शेंगांची चटणीच खाल्ली.