नऊ दातांची नोंद

गेल्या वर्षी मला काढता-घालता येणारी अर्धी कवळी बसली. डॉक्टर म्हणाले, ‘‘उरलेले दात सांभाळा, कवळी त्यांच्याच आधारावर आहे.’’ त्या वाक्याने मला जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या कवळीकडे नेलं.

ती लाकडाची होती, ही निव्वळ दंतकथा. १७८९ साली राष्ट्राध्यक्ष होताना त्यांच्या तोंडात एकच दात उरला होता. न्यूयॉर्कच्या जॉन ग्रीनवूड यांनी पाणघोड्याच्या सुळ्यातून कवळी कोरली, तीत माणसाचे दात बसवले आणि त्या एका दातासाठी भोक ठेवलं. उरलेला दात राखून कवळी त्याच्याभोवती रचायची, हे तत्त्व आजही तेच आहे. १७९६ मध्ये तोही दात गेला. ग्रीनवूड यांनी तो आठवण म्हणून डबीत जपला.

पण माणसाचे दात यायचे कुठून? माउंट व्हर्ननच्या हिशेबवहीत मे १७८४ची नोंद आहे : दंतवैद्य ल मेयर यांच्या खात्यावर ‘निग्रोंना’ नऊ दातांचे ६ पौंड २ शिलिंग. हेच ल मेयर जाहिरातींतून एका दाताला दोन गिनी देऊ करत. इथला दर त्याहून बराच कमी. आणि मालकाच्या घरून आलेली मागणी गुलाम नाकारणार कशी? पैसे चुकते झाले म्हणून व्यवहार राजीखुशीचा ठरत नाही.

दात कोणाचे, ते वहीत नाही. एका दाताला डबी मिळाली; नऊ दातांना फक्त आकडा. रात्री कवळी पाण्यात ठेवताना तो आकडा मला आठवतो.