‘डिस्मल’: एका उदास शब्दाचा माग

उदास, अभद्र वातावरण दाखवणारे शब्द इंग्रजीत भरपूर आहेत: ग्लूमी, ड्रिअरी, सिनिस्टर, ऑमिनस. त्यातला आज एकच घेऊ, ‘डिस्मल’. संशोधनात जुना शब्द कसा वाचायचा, हे त्यावरून चांगलं कळतं.

आज डिस्मल म्हणजे उदासवाणं, निराशाजनक. पण मुळात हे विशेषण नव्हतंच. लॅटिन ‘दिएस माली’, म्हणजे वाईट दिवस, यावरून फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला. मध्ययुगीन युरोपातल्या दिनदर्शिकांमध्ये दर महिन्याला दोन, म्हणजे वर्षाला २४ दिवस अशुभ मानलेले असत. त्या दिवशी नवं काम, प्रवास, रक्त काढण्याचे उपचार टाळायचे. आपल्याकडच्या वर्ज्य दिवसांची आठवण यावी असाच प्रकार. १४व्या शतकात चॉसर हा शब्द नाम म्हणूनच वापरतो. पुढे मूळ अर्थ पुसट झाला आणि लोक ‘डिस्मल डेज’ म्हणू लागले. आपण ‘पावरोटी’ म्हणतो ना, तसंच: पाव म्हणजेही भाकरी आणि रोटी म्हणजेही भाकरी! अशा रीतीने नामाचं विशेषण झालं, आणि दिवसाचं अशुभपण हळूहळू मनाच्या उदासीपर्यंत आलं.

आता खरा प्रश्न. अर्थशास्त्राला ‘डिस्मल सायन्स’ का म्हणतात? नेहमीचं उत्तर असं: माल्थसने १७९८ मध्ये लोकसंख्येबद्दल भीतीदायक निष्कर्ष काढले, ते वाचून थॉमस कार्लाइलने हे नाव दिलं. गोष्ट पटते, पण मूळ लेख वेगळंच सांगतो.

हा शब्दप्रयोग डिसेंबर १८४९ च्या ‘फ्रेझर्स मॅगझिन’मधल्या कार्लाइलच्या लेखात येतो. विषय आहे वेस्ट इंडीजमधले, गुलामीतून सुटलेले कृष्णवर्णीय मजूर. त्यांना सक्तीने कामाला लावावं, असं कार्लाइलचं म्हणणं. मागणी-पुरवठ्यावर सोडा, माणसांना त्यांचं त्यांना ठरवू द्या, असं सांगणारं अर्थशास्त्र म्हणून त्याला ‘डिस्मल’ वाटलं. पुढच्याच महिन्यात जॉन स्टुअर्ट मिलने त्याच मासिकात त्याला कडक उत्तर दिलं.

मग माल्थस मध्ये आला कुठून? १८३९ च्या ‘चार्टिझम’मध्ये माल्थसच्या वादाबद्दल लिहिताना कार्लाइलने ‘डिस्मल’ हे विशेषण वापरलं होतं. लेखक तोच, शब्द तोच, पण संदर्भ दोन. ते एकत्र झाले की गुलामगिरीचा अख्खा वाद नजरेआड होतो आणि हातात नुसता एक चुरचुरीत किस्सा उरतो.

म्हणून प्रबंधात असं प्रसिद्ध वचन घेताना तीन गोष्टी तपासा: ते पहिल्यांदा कुठे छापलं, त्याच्या आधीचा-नंतरचा परिच्छेद काय म्हणतो, आणि तेव्हा त्या शब्दाचा अर्थ काय होता.

सरावासाठी ‘वीअर्ड’ घ्या. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता ‘नियती’. आता ‘मॅकबेथ’मधल्या त्या तीन बहिणींकडे पुन्हा बघा. त्या विचित्र आहेत, की विधिलिखित सांगणाऱ्या?