विश्वविनायक, दादा आणि मी

परवा पुण्याहून देवळ्याला निघालो होतो. गाडी पुतण्या चालवत होता, त्यामुळे गाणी लावायचा हक्कही त्याचाच (आमच्या घरात तसा नियमच आहे). सोग्रस फाट्याला वळलो आणि त्यानं एक इंग्रजी गाणं लावलं. म्हटलं, कोण हा? तर म्हणे, "काका, नार्ल्स बार्कली. पण हा एक माणूस नाही, दोघं आहेत."

भावडबारी येईपर्यंत माझी शिकवणी झाली. 2006 साली अमेरिकेतल्या दोघांनी मिळून 'सेंट एल्सव्हेअर' नावाचा अल्बम काढला. त्यातला डेंजर माउस हा हिप-हॉपवाला, जुन्या रेकॉर्डींचे तुकडे कापून त्यांच्यावर नवे ठेके रचणारा. दुसरा सीलो ग्रीन. त्याचे आईवडील दोघंही चर्चमध्ये धर्मोपदेशक, त्यामुळे गळ्यात ते सोल गाणं. त्यांचं 'क्रेझी' हे गाणं 1968 सालच्या एका इटालियन काउबॉय चित्रपटाच्या संगीतावर उभं आहे. आणि नुसत्या डाउनलोडच्या जोरावर ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर पोचलेलं ते पहिलं गाणं.

"आपल्याकडे असं कोणी केलंय का?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "तुझ्या बापाला विचार."

यावर तो गप्प झाला. कारण बापलेकांचं बोलणं तीन आठवडे बंद होतं. पोरगा पुण्यात इंजिनिअरिंगला, रात्री लॅपटॉपवर ठेके बनवत बसतो. शेवटची परीक्षा झाली की वर्षभर फक्त हेच करणार, असं त्यानं फोनवर सांगून टाकलं. दादानं फोन ठेवला तो ठेवलाच. आणि मी मध्यस्थ म्हणून निघालो होतो! हे काम माझ्याकडे का यावं, याचं मलाच हसू येत होतं. का, ते पुढे कळेल.

तर त्या प्रश्नाचं माझं उत्तर 'विश्वविनायक'. अजय-अतुल या जोडीचा पहिला अल्बम, 2001 सालचा. गायक दोन : एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि शंकर महादेवन. आज अजय-अतुल म्हटलं की लोकांना 'सैराट' आठवतो. तेव्हा आमच्याकडे त्यांचं नावही कोणी ऐकलेलं नव्हतं. वडील महसूल खात्यात, सतत बदल्या, लहानपण जुन्नर, शिरूर, राजगुरुनगर अशा गावांत गेलेलं. घरात कोणी गाणारं-वाजवणारं नाही, रीतसर शिक्षण नाही. ज्याच्या घरी वाद्य असेल त्याच्याशी मैत्री करायची, असा सगळा प्रकार. दादाला हे कुठल्याशा मुलाखतीत वाचायला मिळालं आणि तो हरखून गेला. 1999 साली देवळा तालुका झाला, तहसील कचेरी आली, तेव्हा अशीच बदलीवाल्यांची मुलं आमच्या गल्लीत राहायला आली होती. म्हणजे ही माणसं आपल्यातलीच की!

तोवर गणपतीची गाणी म्हणजे काय, हे ठरून गेलेलं होतं. सकाळी हृदयनाथांच्या चालीतली लताबाईंची आरती. मग प्रल्हाद शिंदे. मग 1979 च्या 'अष्टविनायक'मधलं गाणं, तेही अनिल-अरुण या जोडीचं. आणि रात्री हिंदी सिनेमाच्या चालींवर बसवलेली 'भक्तिगीतं'. या शेवटच्या प्रकाराबद्दल न बोललेलंच बरं. असो.

'विश्वविनायक'मध्ये यातलं काहीच नव्हतं. शब्द संस्कृत, पण घरातल्या पूजेसारखे पुटपुटलेले नाहीत. मागे व्हायोलिनांचा ताफा, समोर कोरस, आणि खाली असा ठेका की पाय आपोआप हलावा. शंकर महादेवन आम्हाला 1998 च्या 'ब्रेथलेस'मुळे माहीत होता. पण इथे तो श्वासाची कसरत दाखवत नाही, सरळ उभा राहून गातो. बालसुब्रह्मण्यम म्हणजे आमच्यासाठी सलमान खानचा आवाज! तो माणूस असे उच्चार करतो हे ऐकून आप्पासुद्धा दारात थांबले होते. दोघंही गायक दाक्षिणात्य घरांतले, जोडी पुणे जिल्ह्यातली, शब्द संस्कृत आणि वाद्यमेळ पाश्चात्त्य. मला आजही वाटतं की हा अल्बम 'भक्तिसंगीत' या कप्प्यात पडला म्हणून त्याच्या वेगळेपणाबद्दल कोणी फारसं लिहिलं नाही.

आम्हाला ती कॅसेट मालेगावात मिळाली. दादाकडे तेव्हा सेकंडहँड कॅसिओ होता, मी ढोलकी वाजवायचो. लग्नाच्या हळदीला, गणपतीत, नवरात्रात आम्ही दोघं. 2002 च्या गणपतीत दादानं गल्लीतल्या मंडळाच्या स्पीकरवर 'श्री गणेशाय धीमहि' लावलं, आणि पहिल्याच सकाळी तक्रार आली. गल्लीत एक निवृत्त संस्कृतचे सर राहायचे. ते म्हणाले, आवाजाचं सोड, व्याकरणच चुकलंय. 'धीमहि' म्हणजे आम्ही ध्यान करतो. कोणाचं, तर तिथे द्वितीया हवी, 'गणेशम्'. 'गणेशाय' ही चतुर्थी कुठून आली?

दादाला संस्कृतातलं काही येत नव्हतं. पण तो हट्टी. दुसऱ्या दिवशी आईची अथर्वशीर्षाची पोथी घेऊन सरांच्या ओट्यावर गेला, मी मागे. त्यातल्या गणेशगायत्रीत 'धीमहि'च्या आधी 'वक्रतुंडाय' आहे, तीही चतुर्थीच ना? सर क्षणभर पोथीकडे बघत राहिले आणि मोठ्यानं हसले. मग त्यांनी आम्हाला बसवून समजावलं. मूळ वेदातल्या गायत्रीत विभक्ती बरोबर आहे. पुढे त्याच साच्यावर एकेका देवाची गायत्री रचली गेली, 'विद्महे' आणि 'धीमहि' जागच्या जागी ठेवून मध्ये देवाचं नाव बसवलं. विभक्तीचा मेळ बसला नाही तरी मंत्र चालू राहिला. आणि अथर्वशीर्षसुद्धा वाटतं तितकं जुनं नाही. काही अभ्यासक ते सोळाव्या-सतराव्या शतकातलं मानतात.

(पुतण्याला घाट उतरताना हे सांगितलं तर म्हणतो, "काका, म्हणजे हे सॅम्पलिंगच झालं की!" सर असते तर त्यांना हा शब्द आवडला असता.)

त्या वर्षी रोज सकाळी आरतीनंतर ते गाणं वाजलं. सरांनीच सांगितलं होतं.

पुढचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. 2004 ला 'अगबाई अरेच्चा', 2005 मध्ये महेश मांजरेकरांच्या 'विरुद्ध'मध्ये हेच 'श्री गणेशाय धीमहि', मग 'जोगवा'ला राष्ट्रीय पुरस्कार, 2010 चा 'नटरंग'. 2016 ला 'सैराट'च्या सिंफनीचं ध्वनिमुद्रण हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर झालं तेव्हा पेपरांनी केवढं कौतुक केलं. मी दादाला फोन केला, "हे तर आपण पंधरा वर्षांपूर्वी ऐकलंय." तो म्हणाला, "हां." एवढंच.

कारण तोवर आमची जोडी केव्हाच मोडली होती, आणि ती मी मोडली होती. 2003 साली मला पुण्यात नोकरी लागली. दादा म्हणाला होता, एक वर्ष थांब, आपण दोघं मिळून एक कॅसेट करू, अहिराणी गाण्यांची. मी थांबलो नाही. आप्पा थकले होते, शेती दादाकडे आली. पुढच्याच वर्षी कांद्याला भाव मिळाला नाही आणि कॅसिओ विकला गेला. आमच्यात यावर कधी भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

संध्याकाळी ओट्यावर बसलो. माझी मध्यस्थी काही सुरू होईना. पुतण्यानं न विचारता मोबाइलवर 'श्री गणेशाय धीमहि' लावलं. दादा कांद्याच्या पिशव्यांचा हिशोब लिहीत होता. वर न बघता म्हणाला, "यात बेस ऐकू येत नाही. कॅसेटवर येत होता." मग थोड्या वेळानं वहिनीला आत हाक मारून म्हणाला, "ती कॅसेट कोठे शे?"

कॅसेट माळ्यावर सापडली. कव्हर फाटलेलं, पण फीत शाबूत. ती वाजवायला टेप मात्र गल्लीत कोणाकडेच उरलेला नाही. पुतण्या म्हणाला, पुण्यात जुन्या बाजारात मिळेल. दादा म्हणाला, "मग घेऊन ये." तीन आठवड्यांनी पोराशी बोललेलं ते पहिलं वाक्य. त्या एका वर्षाचा विषय अजून निघालेला नाही. मी उद्या काढणार आहे, आणि आधी 2003 चा काढणार आहे.