मूत्राशय काढल्यानंतरचे जीवन : पोटावरची पिशवी की आतड्याचे नवे मूत्राशय?

मूत्राशयाचा कर्करोग स्नायूपर्यंत पोहोचला असेल तर बऱ्याचदा पूर्ण मूत्राशय काढावे लागते. मग रुग्णाच्याच लहान आतड्याचा तुकडा वापरून लघवीला नवी वाट करून देतात. घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "पुढे नीट जगता येईल ना?" बरे झाल्यावर बहुतेकांना कामावर जाणे, प्रवास, लग्नकार्य हे सगळे जमते. मात्र काही नव्या सवयी अंगवळणी पाडाव्या लागतात.

पोटावरची पिशवी

या शस्त्रक्रियेला 'इलियल कॉन्ड्युइट' म्हणतात. आतड्याच्या सुमारे १५ ते २० सें.मी. तुकड्याला मूत्रवाहिन्या जोडतात आणि त्याचे तोंड पोटावर उघडतात. हे लालसर तोंड म्हणजे स्टोमा. लघवी सतत पिशवीत जमत राहते. पिशवी अर्धी भरण्याआधीच रिकामी करा. रात्री मोठी पिशवी जोडली की झोपमोड होत नाही.

शस्त्रक्रियेआधी स्टोमाच्या जागेची खूण करतात. तेव्हा मांडी घालून बसून आणि वाकून दाखवा. परकराची नाडी किंवा पँटचा पट्टा कुठे येतो तेही सांगा. स्टोमा पोटाच्या घडीत आला तर पिशवी गळते.

आतड्याचे नवे मूत्राशय

'निओब्लॅडर'मध्ये लघवी नेहमीच्याच मार्गाने होते. पण लघवी लागल्याची पूर्वीसारखी जाणीव होत नाही, म्हणून घड्याळ लावून जावे लागते : सुरुवातीला दर २-३ तासांनी, रात्रीही गजर लावून. दिवसा ताबा यायला काही महिने लागतात. रात्रीची गळती जास्त काळ टिकते, काहींमध्ये कायम राहते. काहींना स्वतः नळी घालून लघवी काढावी लागते.

निवड कशी करावी?

पिशवी नाही म्हणून निओब्लॅडर प्रत्येकासाठी चांगलेच, असे नाही. मूत्रपिंडे कमजोर असतील, हात थरथरत असतील किंवा रात्री उठणे जमत नसेल तर पिशवी जास्त सोयीची ठरते. कर्करोग कुठपर्यंत पसरला आहे, यावरही निवड अवलंबून असते. शक्य असल्यास दोन्ही प्रकारच्या रुग्णांशी आधी बोला.

दोन्हींत लक्षात ठेवा

• लघवीत पांढरट, चिकट स्राव दिसणे स्वाभाविक आहे. तो आतड्यातून येतो. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर भरपूर पाणी प्या.
• तपासणीत जंतू दिसले, पण त्रास नाही, तर मनाने अँटिबायोटिक घेऊ नका.
• मूत्रपिंडांचे कार्य, रक्तातील आम्लता आणि बी-१२ यांची तपासणी वर्षानुवर्षे चालू ठेवा.
• पुरुषांना लिंगताठरता न येणे, स्त्रियांना योनीचा कोरडेपणा असे प्रश्न येऊ शकतात. संकोच न करता विचारा, उपचार आहेत.

थंडी वाजून ताप, कुशीत तीव्र वेदना, लघवी थांबणे, सतत उलट्या किंवा स्टोमा काळा-निळा पडणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

पिशवी बदलायला किंवा नळी घालायला घरी जाण्यापूर्वीच शिका आणि घरातल्या एकाला तरी शिकवा. पण जमेल तितके रुग्णाला स्वतः करू द्या. स्वतःचे स्वतः जमू लागले की घराबाहेर पडण्याची भीतीही कमी होते.