सहस्रपर्णी : जखमेवरून वाफ्यात

युरोपातील कोणत्याही रोपवाटिकेच्या यादीत ‘यॅरो’ हे नाव हमखास आढळते, आणि त्यापुढे बहुधा एकच शिफारस असते : फारशी निगा न मागणारे बहुवर्षायू फुलझाड. ही शिफारस खरी आहे. एकदा लावले की वर्षानुवर्षे उन्हाळ्यात त्याच्या ताठ दांड्यांवर बारीक फुलांची सपाट छत्रे पसरतात. परंतु जी वनस्पती माणसाने शतकानुशतके जखमेवर बांधली, ती फुलांच्या वाफ्यात कशी येऊन बसली, हे त्या यादीत सांगितलेले नसते. तोच इतिहास येथे थोडक्यात मांडण्याचा आमचा मानस आहे.

१७५३ साली लिनियसने तिला ‘अकिलिया मिलेफोलियम’ असे नाव दिले. दुसऱ्या शब्दाचा अर्थ सहस्रपर्णी. पान पिसासारखे इतके बारीक चिरलेले असते की हे नाव पटते. पहिल्या शब्दाची गोष्ट मात्र तपासून घ्यावी लागते. ट्रॉयच्या युद्धात अकिलीसने सैनिकांच्या जखमा याच पाल्याने भरल्या, असे वनौषधींच्या पुस्तकांत सर्रास लिहिलेले असते. ‘इलियड’चा अकरावा सर्ग उघडला की निराळेच चित्र दिसते. तेथे युरिपिलसच्या मांडीतला बाण काढतो तो पॅट्रोक्लस. ती विद्या अकिलीसकडून आलेली खरी, पण जखमेवर लावले जाते ते एक कडू मूळ, आणि होमर त्याचे नाव सांगत नाही. यॅरोचा तर मुख्यतः पाला व फुले वापरतात. पुढे रोमन ग्रंथकार प्लिनीने अकिलीसच्या नावाची वनस्पती नोंदवली. ती नेमकी कोणती याविषयी मतभेद असल्याचेही त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले. नंतरच्यांनी नाव उचलले आणि मतभेद सोडून दिले!

असेच काहीसे इराकमधील शानिदार गुहेच्या बाबतीत घडले. तेथील एका निअँडरथल सांगाड्याभोवतीच्या मातीत फुलांचे पराग सापडले, त्यांत यॅरोच्या जातीचेही होते. १९७५ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि फुले वाहून केलेल्या दफनाची कल्पना जगभर पसरली. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले की असे पराग बिळे करणारे उंदरासारखे प्राणी किंवा मधमाश्याही आत नेऊ शकतात. आम्हांला अधिक भरवशाचा वाटतो तो स्पेनमधील एल सिद्रोन गुहेतला पुरावा. २०१२ साली तेथील निअँडरथल दातांवरच्या कीटणात यॅरो आणि कॅमोमाइल यांचे अंश आढळल्याचे जाहीर झाले. दोन्ही कडू, दोन्हींत पोषण नगण्य. तेव्हा ती पोट भरण्यासाठी खाल्ली नसावीत, असे संशोधकांचे अनुमान आहे.

लिखित इतिहासात संत हिल्डेगार्ड या बाराव्या शतकातील मठाध्यक्षेची साक्ष मोलाची आहे. जखम आधी द्राक्षारसाने धुवावी, मग पाण्यात हलके उकळलेली यॅरो पिळून, ऊन असतानाच, जखमेवरील फडक्यावर बांधावी, असे ती लिहिते. येथे चमत्कार नाही, कृती आहे; रुग्णाच्या उशाशी बसलेल्या बाईची ती भाषा आहे. फ्रान्समध्ये या वनस्पतीला ‘सुतारांची वनस्पती’ आणि ‘संत योसेफाची वनस्पती’ म्हणतात. बाळ येशूने योसेफाची जखम हिने बरी केली, ही तिथली लोककथा. शुभवर्तमानांत तिचा मागमूस नाही. मात्र पटाशी आणि करवत हाताळणाऱ्यांच्या बोटांना हे औषध वारंवार लागत असणार, हे समजायला कथेची गरज नाही.

मग ती बागेत शोभेसाठी आली कशी? रानटी यॅरो पांढरी, क्वचित फिकट गुलाबी. जर्मनीत कार्ल फर्स्टरने १९११ साली थंडीत तगणाऱ्या बहुवर्षायू फुलझाडांवर ग्रंथ लिहिला आणि पॉट्सडामजवळ बोर्निम येथे अशा जातींच्या निवडीला आयुष्य वाहिले. त्याचा शिष्य अर्न्स्ट पागेल्स याने लेअर या गावी ‘टेराकोटा’, ‘वाल्टर फुंके’ अशा विटकरी-तांबड्या छटांच्या जाती काढल्या. इंग्लंडात ॲलन ब्लूमची पिवळी ‘मूनशाइन’ गाजली. रोपे पेरायची, वर्षे वाट पाहायची, बहुतेक उपटून टाकायची आणि एखादेच ठेवायचे, असा हा धंदा. यादीतल्या ‘फारशी निगा नको’ या तीन शब्दांमागची निगा दुसऱ्या कोणीतरी आधीच घेतलेली असते.

लागवडीचे सूत्र उलटे आहे. भरपूर ऊन आणि निचऱ्याची, हलकी जमीन द्यावी. खत घालून लाड केले की दांडे उंच वाढून कोलमडतात. फुले सुकताच छाटावीत, आणि दोन-तीन वर्षांनी गड्डा खणून, फोडून, बाहेरचे ताजे कोंब पुन्हा लावावेत. मुळे जमिनीखाली पसरत जातात. न्यूझीलंडच्या कुरणांत गेलेली यॅरो म्हणूनच तण ठरली.

काश्मीरच्या डोंगरउतारांवर ती रानात उगवते, आणि युनानी हकीम तिला ‘बिरंजासिफ’ म्हणून ओळखतात. आपल्या किनारपट्टीवर मात्र आषाढ-श्रावणात साचणारे पाणी तिच्या मुळांना मानवत नाही. हौस असेल त्याने ती कुंडीत, वाळूमिश्रित मातीत लावावी आणि पावसाळाभर पागोळ्यांपासून दूर ठेवावी.