जेटीएम४५ : नक्कल करताना घडलेला आवाज

१९६२ साली पश्चिम लंडनमधील हॅनवेल भागातल्या एका वाद्यांच्या दुकानात गिटारचा एक अ‍ॅम्प्लिफायर तयार झाला. ब्रिटिश रॉकचा म्हणून जो भरदार, किंचित फाटलेला आवाज पुढे जगभर ओळखला गेला, त्याचा एक मोठा उगम या यंत्रात आहे. गंमत अशी, की ते बनवणाऱ्यांना नवा आवाज शोधायचाच नव्हता. त्यांना एका अमेरिकी यंत्राची नक्कल हवी होती.

दुकानाचे मालक जिम मार्शल हे ड्रमवादक आणि ड्रमचे शिक्षक. त्यांच्याकडे येणाऱ्या तरुण गिटारवादकांना, त्यांत पीट टाउनशेंडही होते, हवा तसा अ‍ॅम्प्लिफायर मिळत नव्हता. आदर्श होता फेंडर कंपनीचा ‘बासमन’. अमेरिकी वाद्यांच्या आयातीवर ब्रिटनमध्ये १९५१ ते १९५९ या काळात बंदी होती. ती उठल्यावरही हा माल महागच राहिला. तेव्हा दुकानातील दुरुस्तीचे काम पाहणारे केन ब्रॅन आणि ईएमआय कंपनीत उमेदवारी करणारे, विशीही न गाठलेले डडली क्रेव्हन यांनी बासमनसारखेच यंत्र बांधायला घेतले.

सर्किट जवळजवळ जसेच्या तसे उचलले गेले. (खुद्द फेंडरची सुरुवातीची सर्किटेही व्हॉल्व्ह कंपन्यांनी छापलेल्या नमुना-आराखड्यांवर बेतलेली होती. तेव्हा या उसनवारीबद्दल नाके मुरडण्याचे कारण नाही.) अडचण होती सुट्या भागांची. लंडनमध्ये जे सहज आणि परवडेल अशा दरात मिळेल, तेच वापरणे भाग होते. ट्रान्सफॉर्मर आले ते रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांना माल पुरवणाऱ्या ‘रेडिओस्पेअर्स’कडून.

बासमनमध्ये गिटारचा क्षीण संकेत प्रथम १२एवाय७ या व्हॉल्व्हमध्ये जाई. त्याचा वर्धनांक सुमारे ४४. मार्शलच्या यंत्रात त्या जागी ब्रिटनमध्ये सर्रास मिळणारा ईसीसी८३ बसला. त्याचा वर्धनांक १००. परिणामी संकेत पुढच्या टप्प्यांवर अधिक जोराने आदळू लागला आणि आवाज लवकर फाटू लागला. शेवटच्या टप्प्यावर, सुरुवातीच्या काही नगांनंतर, अमेरिकी ५८८१ ऐवजी केटी६६ आले. ‘क्वाड टू’सारख्या घरगुती हाय-फाय यंत्रांत स्वच्छ संगीतासाठी नावाजलेला हा व्हॉल्व्ह, गिटारवादकांनी त्याच्याकडून नेमके उलटे काम करून घेतले.

सर्वांत मोठा फरक मात्र स्पीकरने पाडला, आणि व्हॉल्व्हच्या चर्चेत नेमका तोच विसरला जातो. बासमनमध्ये १० इंची चार जेन्सन स्पीकर मागून उघड्या असलेल्या एकाच खोक्यात, अ‍ॅम्प्लिफायरसोबत असत. मार्शल यांच्याकडे सेलेस्टियनचे १२ इंची स्पीकर होते. प्रत्येकाची क्षमता जेमतेम १५ वॅट; एवढ्या ताकदीपुढे दोन स्पीकर तग धरेनात. म्हणून चार स्पीकर घेऊन ते मागून बंद असलेल्या स्वतंत्र खोक्यात बसवले गेले. त्या बंद खोक्याने खालच्या सुरांना छातीत जाणवणारा दणका दिला. रंगमंचावर आजही दिसणारी ती काळी भिंत स्पीकर जळू नयेत या साध्या काळजीतून उभी राहिली.

यंत्राचे नाव जिम आणि त्यांचे चिरंजीव टेरी मार्शल यांच्या आद्याक्षरांवरून पडले. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टन यांनी जॉन मेयॉल यांच्या ब्लूजब्रेकर्ससोबतच्या ध्वनिमुद्रणात याच सर्किटचा, स्पीकरसह एकाच खोक्यातला अवतार कमालीच्या मोठ्या आवाजात वाजवला आणि तो फाटलेला स्वर अनेकांसाठी मापदंड ठरला. (त्या अवताराला ‘१९६२’ म्हणतात, तो कॅटलॉगमधील क्रमांक आहे, साल नव्हे!) त्याच सुमारास केटी६६ची जागा ईएल३४ने घेतली आणि मार्शलचा आवाज आणखी धारदार झाला.

आज हौशी कारागीर जेटीएम४५ची हुबेहूब प्रत बांधतात, तेव्हा त्या काळातल्या सुट्या भागांसाठी भरमसाट पैसे मोजतात. ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरच्या बाबतीत हा हट्ट समजण्याजोगा आहे. पण मलार्डच्या मोहरीच्या रंगाच्या कपॅसिटरांना जे पूज्यस्थान मिळाले आहे, ते अतिशयोक्तच म्हणावे लागेल. तिथे छापापेक्षा मूल्याचा आकडा अधिक बोलतो. हेच कपॅसिटर त्या काळी साध्या रेडिओ-टीव्ही संचांत भरलेले असत, आणि आता तेच जुने संच फोडून एकेक कपॅसिटर जपून काढला जातो.