शुगरच्या गोळीआधीचे प्रश्न आले कुठून?



मागच्या नवरात्रातली गोष्ट. आमच्या बचत गटातल्या एका मावशींना नुकतीच शुगर निघाली होती. त्यात नऊ दिवसांचे उपवास. गोळ्या संपल्या म्हणून त्यांनी जावेच्या पाकिटातली एक घेतली. "दोघींना शुगरच, मग गोळी काय वेगळी असणार?" नुसत्या पाण्यावर गोळी घेऊन मोहटादेवीच्या वाटेला लागल्या. थोड्या वेळाने दरदरून घाम, हात थरथर, बोलणं असंबद्ध. बायका म्हणाल्या, अंगात आलं. सोबतच्या एका कॉलेजच्या पोरीने ओळखलं आणि साखरेचं पाणी पाजलं. मावशी शुद्धीवर होत्या म्हणून पाजता आलं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतायचं नसतं, त्याला तडक दवाखान्यात न्यायचं.

मावशींना जे झालं तेच १९४२ साली फ्रान्समधल्या माँपेलिये गावच्या रुग्णांना झालं होतं, आणि त्यातूनच त्या जातीची गोळी निघाली. महायुद्धाचे दिवस होते. मार्सेल जानबों नावाचे डॉक्टर टायफॉईडच्या रुग्णांना एक नवीन सल्फा औषध देऊन बघत होते. काही रुग्णांना झटके आले, काही दगावले. रक्त तपासलं तर साखर फार खाली गेलेली. त्यांचे सहकारी ओग्युस्त लुबातिएर यांनी मग कुत्र्यांवर प्रयोग केले. स्वादुपिंड असलेल्या कुत्र्याची साखर औषधाने उतरली, स्वादुपिंड काढलेल्याची उतरली नाही. म्हणजे हे औषध स्वादुपिंडाला ढोसून इन्सुलिन सोडायला लावतं. टायफॉईडसाठी जे घातक ठरलं, ते शुगरसाठी कामाचं निघालं. आज मिळणाऱ्या ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या त्याच घराण्यातल्या.

आता ही गोळी तुम्ही जेवलात की नाही हे बघत नाही. पोटात अन्न नसलं तरी ती साखर उतरवतेच. पाथर्डी-शेवगाव-जामखेडहून ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बाया अंधारातच फडात उतरतात, भाकरी कधी मिळेल ते गाडी भरण्यावर. त्यांनी डॉक्टरांना हे आधीच सांगायला हवं. "उपवास करता का? जेवणाची वेळ ठरलेली आहे का?" हा प्रश्न चौकशीखोरपणाचा नाही.

दुसरं घराणं मेटफॉर्मिनचं. युरोपात गलेगा नावाची जांभळ्या-पांढऱ्या फुलांची एक रानवनस्पती आहे. लोक ती जुन्या काळापासून औषधाला वापरायचे, पण जास्त चरली की मेंढरं मरायची. तिच्यातल्या द्रव्यावरून माणसाने पुढे तशीच रसायनं बनवली. मेटफॉर्मिन १९२२ मध्येच तयार झालं होतं, पण शुगरच्या रुग्णांना ते देऊन पाहिलं ज्याँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी, आणि १९५७ साली त्यांनी ते जगापुढे मांडलं.

त्याच सुमारास त्याची एक जास्त जोरकस बहीण बाजारात आली, फेनफॉर्मिन. ती खपलीही भरपूर. पण काही रुग्णांच्या रक्तात आम्ल साचायला लागलं. श्वास जोरजोरात, उलट्या, ग्लानी आणि मृत्यू. मूत्रपिंड दुबळं असलेल्यांना धोका जास्त. अमेरिकेने १९७७ मध्ये ती बंद केली. आपल्या देशात बंदी आली २००३ साली. मधली सव्वीस वर्षं! मला हा आकडा अजून पचत नाही.

मेटफॉर्मिन त्या मानाने पुष्कळ सुरक्षित. तरी बहिणीच्या बदनामीमुळे अमेरिकेने त्याला १९९४ च्या अखेरीपर्यंत परवानगीच दिली नव्हती. हे औषध लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून सुरू करण्याआधी क्रिएटिनिन तपासतात. यकृताचा आजार, दारू, जोराचे जुलाब-उलट्या, रंग सोडून करायचा सीटी स्कॅन, यातलं काहीही असेल तर सांगायचं. आणि वर्षानुवर्षं घेतल्यावर काहींचं बी-१२ कमी होतं. हातापायाला मुंग्या आल्या तर "वयामुळे" म्हणून सोडून देऊ नका.

एक प्रकरण तर अगदी अलीकडचं. रोझिग्लिटाझोन हृदयाच्या भीतीने आपल्याकडे २०१० मध्ये बंद झाली. तिच्याच घरातली पायोग्लिटाझोन जून २०१३ मध्ये सरकारने थांबवली, कारण मूत्राशयाच्या कर्करोगाची शंका. पण गोळी स्वस्त आणि अनेकांना लागू पडलेली, त्यामुळे बऱ्याच डॉक्टरांनी विरोध केला. दीड महिन्यात ती परत आली, पण चौकटीत छापलेल्या इशाऱ्यासह. म्हणून ही गोळी देताना विचारतात, पायाला सूज येते का, दम लागतो का, लघवीतून कधी रक्त गेलं का.

डापाग्लिफ्लोझिनसारख्या नव्या गोळ्या साखर लघवीतून बाहेर टाकतात. त्यांचं मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीत १८३५ मध्ये सापडलेल्या एका द्रव्यात आहे. यांनी बायकांना खालच्या जागी खाज, बुरशी होऊ शकते. आपण लाजेने बोलत नाही आणि गुपचूप मलम लावतो. असं होत असेल तर नर्सताईला तरी सांगा. कडक उपवासात ही गोळीही धोक्याची ठरू शकते.

आणि गरोदर असाल, अंगावर पाजत असाल किंवा दिवस राहायची शक्यता असेल, तर कुठलीही गोळी सुरू करण्याआधी पहिलं वाक्य तेच.

हे ऐकून कोणी घाबरून चालू गोळी मनाने बंद करू नका, त्याचाही त्रास मोठाच. शंका असेल तर पाकीट घेऊन जा आणि विचारा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून आपल्याच जामखेडला गावातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यातल्या कितीतरी जणी शाळेत गेलेल्या नव्हत्या, तरी औषधपाण्याचं समजून घेऊन गावाला सांगायच्या.

मावशींची स्वतःची गोळी मेटफॉर्मिनची होती. जावेची निघाली ग्लिमेपिराइडची. आता दोघींनी गोळ्यांचे डबे वेगळे केलेत, मावशींच्या डब्याला लाल दोरा आणि जावेच्या डब्याला हिरवा. यंदा घटस्थापनेच्या आठ दिवस आधी दोघी उपवासाचं विचारायला उपकेंद्रात जाणार आहेत, आणि मीही त्यांच्यासोबत जाणार आहे.